अकरावं जनावर

मी बी.ए. झालो होतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं जे झालं ते त्याच्याशिवाय झालं नसतं. आमच्या घरात माझ्याआधी कुणी पाटी-पेन्सिलीला हात लावलेला नव्हता. चार पिढ्या मेंढरांमागं गेलेल्या. नांदूरघाटापासून दोन कोसांवर आमचं गाव. पण गाव म्हणजे पावसाळ्याचे चार महिने. दिवाळी झाली की घोडीवर बिऱ्हाड टाकायचं, मेंढरं पुढं घालायची आणि गोदेकाठी, गंगथडीला उतरायचं. शेतकऱ्यांच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायची, त्याचं धान्य घ्यायचं, आणि आखाड तोंडावर आला की परत. अशा घरातला मी हैदराबादला जाऊन उर्दूतून, इंग्रजीतून परीक्षा देऊन आलो होतो. गावात लोक मला बघायला यायचे. मी बसूनच राहायचो, उठायचो नाही. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं.

नोकरी मात्र नव्हती. तालुक्याच्या शाळेत एक जागा रिकामी होती आणि ती तहसीलदार साहेबांच्या शिफारशीवर होती. त्या वर्षी दसरा झाल्यावर साहेबांनी मला कचेरीत बोलावलं, तेव्हा मला वाटलं, ठरलं. धुतलेलं धोतर नेसून गेलो.

साहेब गोरे, अंगानं भरलेले, बोलायला मोकळे. आमच्याशी दखनीत बोलायचे. म्हणाले, "देखो मियाँ, हमारे साडू आरहे हैं हैदराबाद से. कपिलधार का पानी देखना बोलते. चार दिन का दौरा निकालना है." आणि मग डोळा बारीक करून, "कागद पे दौरा, दिल में सैर. समझे?"

मी समजलो.

"आप ग्रॅज्युएट हैं. पूरा बंदोबस्त आप लिख के देव. ऐसा, के साडू उधर जाके तारीफ करना. फिर आपकी जगह का भी देखेंगे."

तीन मुक्काम, चार दिवस. तंबू, खाटा, स्वयंपाकाची भांडी, कंदील, धान्य, घोड्यांचा दाणा. सगळं घोड्या-तट्टांवर जायचं, कारण बालाघाटाच्या त्या वाटांना बैलगाडी चढत नव्हती. तट्टं आमच्या गावानं द्यायची आणि प्रत्येक जनावरासोबत त्याच्या मालकानं चालायचं. याला बिगार म्हणत. साहेबाचा दौरा निघाला की बिगार लागायची, त्यात विचारण्यासारखं काही आहे असं कुणाला वाटत नसे. मलाही वाटलं नाही.

आठ दिवस मी दुसरं काही केलं नाही. कचेरीतल्या काट्यावर प्रत्येक वस्तू तोलली. कोणतं ओझं आधी निघेल, कोणतं मागून. साहेब पोचायच्या आत तंबू उभा राहायचा तर मेखा आणि कनाती कोणत्या तट्टावर हव्यात. पाणी कुठं, वैरण कुठं, सगळं रकाने पाडून लिहिलं. एकूण दहा ओझी झाली. ते कागद मी घरी आणून आबांना वाचून दाखवले. आबा म्हणजे माझे वडील. ते आणि माझे चुलते तात्या अंगणात लोकर पिंजत बसलेले. तात्यांचा गुडघा त्या दिवसांत सुजलेला होता, म्हणून ते जागेवरूनच सगळ्या गावाची खोडी काढायचे.

तात्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हंजी, घोड्यावर कापडाचं घर टाकायचं, सांच्याला उभं करायचं, सकाळी मोडायचं आन म्होरं जायचं?"

"हो."

"आरं बे, मंग हे तर आपलंच की! आमी जलमभर दुसरं काय केलं? यवढंच, की आमाला कुणी बंदोबस्त म्हनलं न्हाई. 'धनगरं आली, कुत्री बांधा' म्हनलं."

आबा हसले नाहीत. ते माझ्या कागदाकडं बघत होते. "दुसऱ्या मुक्कामाला पानी कुटलं धरलंस?"

"खालच्या ओढ्याचं."

"ते न्हाई पीत जनावरं. शेवाळतंय. पाव कोस वर गेला की उंबराखाली झरा हाय, तितं तळ टाक."

मी झरा लिहिला. कुणी सांगितला, ते लिहायला काही रकाना नव्हता.

आता टबाचं सांगतो. कॉलेजात आमच्या एका इंग्रज प्रोफेसरांकडं मी छावणीच्या सामानाची एक यादी पाहिली होती. तिच्यात अंघोळीची वेगळी राहुटी आणि पत्र्याचा टब होता. साहेबांनी टब मागितला नव्हता. मीच तो घातला. साहेबांनी वाचलं आणि मांडीवर थाप मारली. "टब! वाह! साडू के घर में भी नै है!" तालुक्याच्या बंगल्यात एक जुना टब पडलेला होता, तो घासूनपुसून काढला. न्हाणीच्या कनाती, टब आणि दोन घडीच्या खुर्च्या. हे झालं अकरावं ओझं.

आणि गावात जनावरं होती दहा.

म्हणजे पाटील दहा म्हणाले. पाटील पिढीजात माणूस, गावाचं जनावर न जनावर ओळखणारा. मी त्यांना म्हणालो, "मी स्वतः मोजतो." ते म्हणाले, "मोजा की. तुमी शिकल्यालं." आणि जरा थांबून, "घरचं बी मोजणार का?" त्यांनी हे कशासाठी विचारलं ते मला कळलं होतं. कळलं नव्हतं असं मी म्हणणार नाही.

आमच्या भागात घोडी गाभण असली आणि पोट दिसायला लागलं की तिला मोजत नाहीत. तिला पाव्हनी म्हणतात. पाटील दारात येऊन विचारतो, "जनावर किती?" तर घरधन्यानं म्हणायचं, "येक पाव्हनी हाय." पाटील ऐकतो आणि पुढच्या दाराला जातो. शिंगरू उभं राहून प्यालं, की मग ती पुन्हा मोजणीत. कुणी म्हणायचं मोजलं की दृष्ट लागते, कुणी म्हणायचं खंडोबाला चालत नाही. मला हा अडाणीपणा वाटे. हॉस्टेलात मी यावर मित्रांना हसवलेलं होतं.

मी दारोदार फिरलो. दहा झाली. शेवटी आमच्या दारात आलो. आबा रानात गेलते. घोडी आमची एकच, कुमैत रंगाची, पोट दोन्ही अंगांनी फुगलेलं, शेपटीनं माश्या वारत उभी. माय तिच्यापुढं कडबा टाकत होती.

"ती पाव्हनी हाय," माय म्हणाली. "सोड."

"माय, कागदाला पाव्हनी कळत नाही."

"कागदाला न्हाई कळत. तुला कळतंय ना?"

मी लिहिलं. रंग कुमैत. वय नऊ. चाल चांगली. मजबूत. गाभण आहे का, असा रकाना नव्हता. अकरा ओझी, अकरा जनावरं. बेरीज अशी जुळली की मला खालची रेघ दोनदा ओढावीशी वाटली. खाली सही केली, सहीपुढं बी.ए. लिहिलं, एक प्रत कचेरीत दिली, एक पाटलांना.

दुसऱ्या दिवशी पाटील आमच्या दारात आले. बसले नाहीत. आबांना म्हणाले, "गडे हो, यंदा तुमच्या घोडीचा बी हुकूम हाय. म्या न्हाई लिवलं. तुमच्या बी.ए.नं लिवलंय."

आबांनी माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं शिवी देतील. दिली असती तर बरं झालं असतं.

"कावून रं? कशापाई?" ते म्हणाले. एवढंच.

मी काहीतरी बोललो. की खरं ते लिहावं लागतं. की चार दिवसांचा प्रश्न आहे, ओझं हलकं आहे.

आबा उठून घोडीजवळ गेले. तिच्या पोटाखाली हात घालून उभे राहिले आणि तिथूनच बोलले. "अकरावा म्हैना लागलाय हिला. मागल्या खेपंला शिंगरू पाय मुडपून आलतं. म्या हात घालून सरळ केलं तवा कुटं जीव वाचला हिचा. शिंगरू गेलंच. औंदाचं बी गेलं तर ही पुन्यांदा गाभण ऱ्हात न्हाई. आन ओझ्याखाली घाट चढली तर ही सुदीक न्हाई ऱ्हायची. मंग दिवाळीनंतर बिऱ्हाड काय तुझ्या कागदावर टाकू का?" मग आवाज खाली आला. "सायबाकडं जा. तुझं ऐकतेत. नाव काडून आन."

मी गेलो. चार कोस चालताना मी सगळं उर्दूत जुळवलं, अदबीनं कसं म्हणायचं ते. गोष्ट अवघड नव्हतीच. टब काढला की अकरावं ओझं गेलं, ओझं गेलं की घोडी सुटली. एक रेघ मारायची होती.

साहेब खुशीत होते. साडू आदल्या दिवशीच पोचलेले, शेजारी आरामखुर्चीत. साहेबांनी माझी ओळख करून दिली. "येइच हमारे ग्रॅज्युएट. टब इनोंच सोचे." साडूंनी उठून माझा हात हातात घेतला. माझ्या घराण्यात कुणाचा हात तोवर कुणा साहेबानं असा हातात घेतलेला नव्हता. मग साहेब म्हणाले की शिफारशीचा कागद तयार आहे, दौऱ्यावरून आल्यावर मोहर मारायची. आणि मग म्हणाले, "कैसे आना हुआ?"

मी म्हणालो, "बंदोबस्त पूर्ण आहे, हे सांगायला आलो."

खरंच एवढंच म्हणालो. घोडीचा शब्द माझ्या तोंडातून निघाला नाही. चहा झाला. मी निघालो.

घरी आलो तेव्हा दिवस बुडायचा होता. आबा वाटेवरच उभे होते. मी म्हणालो, "साहेब नाही म्हणाले. यादी वर गेलीय, आता बदलता येत नाही म्हणे."

आयुष्यात पुढं मी पुष्कळ बोललो, वर्गात, सभेत, कोर्टात साक्षीलासुद्धा. पण इतकं सरळ तोंडानं खोटं पुन्हा कधी बोललो नाही. आबांनी ते लगेच खरं धरलं. साहेब नाही म्हणतो, हे त्यांना जन्मापासून माहीत होतं.

ते रात्री जेवले नाहीत. सकाळी मला म्हणाले, "वजन किती हाय त्या ओझ्याचं?"

मी सांगितलं.

"मंग असं करू. हुकूम ओझ्याचा हाय, घोडीचा कुटं हाय? ओझं गेलं की झालं. निम्मं मी घेतो, निम्मं तू घे."

"मी?"

"मंग कोन? तात्याचं पाय बघ."

तात्या ओसरीवरून म्हणाले, "टब डोक्यावर पालथा घाल. ऊन लागत न्हाई. बी.ए.ला शोभंल बी." माय त्यांच्यावर खेकसली. आबा नसताना घोडी व्याली तर काय, ही काळजी तिला होती. आबांनी तिला आणि तात्यांना समजावलं, सडाला अजून चीक उतरला नाही, पंधरा-वीस दिवस सहज आहेत, आपण चौथ्या दिवशी परत. आबांचा असला अंदाज कधी चुकल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

दौरा निघाला त्या सकाळी चावडीपुढं दहा जनावरं लादली आणि अकराव्या जागी आम्ही दोघं उभे राहिलो. आबांच्या पाठीवर कनातींची वळकटी आणि खुर्च्या. माझ्या डोक्यावर टब. पाटलांनी बघितलं आणि मान फिरवली. साहेब आणि साडू मागून घोड्यांवर यायचे होते, त्यामुळं पहिले दोन दिवस त्यांनी आम्हाला ओझ्याखाली बघितलं नाही. ही व्यवस्था माझीच होती. तंबू आधी, साहेब मागून.

पत्र्याचा टब डोक्यावर घेऊन चाललं की आपल्याच पावलांचा आवाज कानात घुमतो. माझी मान दुपारपर्यंत आखडली. आबा पुढं चालत होते, वाकून, एका लयीत, जसे ते मेंढरांपुढं चालायचे. इतर बिगारी सुरुवातीला माझ्यावर हसले. "मास्तर, आत पानी भरू का?" मग चढ लागला आणि कुणी बोलेना. मुक्काम जागच्या जागी लागले. उंबराखालच्या झऱ्यावर जनावरं पोटभर प्याली. साडू टबात बसले आणि त्यांनी आतून मोठ्यानं गाणं म्हटलं. पाणी तापवून आणून ओतायचं कामही आमच्याच ओझ्याबरोबर आलं होतं. आबा हंडे भरत होते, मी ओतत होतो, साडूंनी डोळे मिटलेले. त्यांनी मला ओळखलं नाही.

तिसऱ्या दिवशी आम्ही कपिलधारला पोचलो. धबधब्याला पाणी चांगलं होतं. देवळाच्या खालच्या अंगाला मी तंबूची जागा धरली होती. आम्हाला वाटेत उशीर झाला, आणि साहेब आमच्या पाठोपाठच आले. त्यांनी मला टब उतरवताना पाहिलं.

"अरे मियाँ! ये क्या? आप कायकू उठारै?"

मी उभा राहिलो. तोंडावर घाम, काखेत मळ.

"घोडी किधर है? ग्यारा जनावर लिखे थे ना?"

"गाभण आहे, साहेब. दिवस भरत आलेत."

 साहेब मनापासून चकित झाले होते, हे मला आजही सांगितलं पाहिजे. त्यांच्या आवाजात राग नव्हता. "तो बोलना था ना! टब निकाल देते! उस दिन घर पे आये थे, एक लफ्ज बोलते, बस था."

आबा माझ्यापासून दोन हातांवर मेख ठोकत होते. आबांना दखनी चांगली कळायची; लोकरीचे व्यापारी त्यांच्याशी तीच बोलत. मेखेवर पडणारा दगड थांबला. मग पुन्हा चार घाव पडले. मेख पुरती आत गेली. त्यांनी दोर ओढून बघितला, हात धोतराला पुसले.

साहेब म्हणाले, "बूढे को जाने दो. हौर आप ठैरो, कल का बंदोबस्त देखना है."

आबा निघाले. दहा कोसांची वाट होती. त्यांनी घोंगडी खांद्यावर टाकली, देवळाच्या दिशेनं हात जोडले आणि चढणीला लागले.  मी थोडं त्यांच्या मागं गेलो. "आबा, भाकर घ्या बरोबर." ते थांबले नाहीत.

मी दुसऱ्या दिवशी सामान परत लावून, तालुक्याला पोचवून, सांजवताना घरी आलो. माय उंबऱ्यात बसली होती. तिच्या बांगड्यांपासून कोपरापर्यंत वाळलेलं रक्त होतं; धुवायचं तिला सुचलं नव्हतं. तिनं सांगितलं ते असं. आम्ही कपिलधारला पोचलो त्याच दिवशी, दिवस मावळायला घोडीला कळा लागल्या. एक पाय आला, दुसरा येईना. तात्यांनी हात घातला, पण त्यांचा पंजा जाड, आत फिरेना. मग मायनं घातला. तिला गुडघा लागला, पण तो वळवायचा कसा ते कळेना. "तुझा बाप सांगत ऱ्हातो तसं करून बघितलं," ती म्हणाली. "माझ्यानं जमलं न्हाई." आबा पहाटे पोचले. त्यांनी आल्या आल्या हात घालून पाय सोडवला आणि शिंगरू काढलं. घोडी वाचली. शिंगरू आतच गेलेलं होतं. नर होता. कपाळावर पांढरा ठिपका.

शिफारशीवर मोहर लागली. पुढच्या महिन्यात नेमणुकीचा हुकूम आला आणि मी रुजू झालो. मी नको म्हणालो असतो असं कधी कधी मनाशी रचून बघतो. पण मी नको म्हणालो नाही, आणि त्या पगारावर माझी पाठची भावंडं शिकली. त्या वर्षी बिऱ्हाड आठ दिवस उशिरा गंगथडीला गेलं. घोडीवर ओझं कमी होतं. बाकीचं आबांच्या पाठीवर.

पण मी त्या सांजेचं सांगत होतो. मायचं बोलणं झाल्यावर मी गोठ्याकडं गेलो. घोडी मान खाली घालून उभी होती. तिची कास टणक झाली होती आणि प्यायला कुणी नव्हतं, म्हणून आबा तिच्या पोटाशी उकिडवे बसून हलक्या हातानं दूध काढून मातीत सोडत होते. सगळं काढत नव्हते, ताण उतरण्यापुरतं. दुखत असावं, ती पाय झाडायची आणि ते तोंडानं तिला चुचकारायचे. मी तिचं म्होरकं धरलं. ती शांत झाली.

आबांनी दुसरा सड धरला. मग मी म्हणालो, "आबा, मी साहेबांना विचारलंच नव्हतं."

त्यांचा हात थांबला नाही.

"कडबा वाळलेला घाल तिला," ते म्हणाले. "वला चारा चार दिस नको. दूध वाढतंय."